धान्याच्या ड्रॉवरचा तळ किती मिमीचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीत मी स्वयंपाकघरांची कामं करून घेते. ओटा, टाइल, चिमणी यावर लोक महिनाभर खल करतात. ड्रॉवरच्या तळाचा प्रश्न मात्र मिस्त्री प्लाय आणायला दुकानात पोचला की तिथून फोनवर येतो, आणि उत्तर दोन मिनिटांत हवं असतं. ते उत्तर इथे जरा सवडीने दिलं आहे.

थेट आकडा सांगा. किती मिमी घेऊ?

डाळ, तांदूळ, पीठ, तेल ठेवायचा ड्रॉवर असेल तर १२ मिमी. कॅबिनेट ४५० मिमीपर्यंत अरुंद असेल आणि डबे छोटे असतील तर ९ मिमी चालतं. चमचे, मसाल्याच्या बाटल्या, फॉइल-नॅपकिन यांच्या उथळ ड्रॉवरला ६ मिमी पुरे. ९०० मिमीच्या रुंद ड्रॉवरला १२ मिमी आणि मध्ये एक उभा पडदा, म्हणजे ड्रॉवर दुभागणारी फळी, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. ४ मिमी मी धान्याखाली कुठेही लावू देत नाही.

मिस्त्री म्हणतो, "दो सूत बहुत है, भाभी." तो काय म्हणतोय?

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीहून किंचित जास्त. दोन सूत म्हणजे ६ मिमी, तीन सूत ९, चार सूत १२, सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १८-१९ मिमी. तुम्ही मिमीत बोललात आणि तो सुतात समजला, तर घोळ होतो तो नेमका इथेच. "चार सूत" असं त्याच्याच भाषेत सांगा आणि कागदावर १२ मिमी लिहून द्या.

तो खोटं बोलत नसतो, एवढं त्याच्या बाजूने सांगते. त्याने आयुष्यभर कपड्यांच्या कपाटांचे ड्रॉवर केलेत. साड्यांच्या घड्यांना दोन सूत खरंच पुष्कळ होतं.

६ आणि १२ मध्ये असा काय फरक? दुप्पटच ना?

जाडी दुप्पट, ताठपणा आठपट. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. ६ चं ९ केलं तर ताठपणा सव्वातीन पटींहून जास्त होतो, ६ चं १२ केलं तर आठपट.

६०० मिमीच्या कॅबिनेटचा हिशेब घेऊ. दोन्ही बाजूंच्या १८ मिमीच्या फळ्या आणि दोन्हीकडे चॅनलची (ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या पट्टीची) १३ मिमी जागा वजा केली की ड्रॉवरची खोकी बाहेरून ५३८ मिमी भरते. तिच्याही बाजू १८ च्या असतील तर आत ५०२ मिमी रुंदी उरते आणि ५०० च्या चॅनलवर साधारण ४६४ मिमी खोली. तळ चारही बाजूंनी खाचेत बसलाय आणि वर २५ किलो सारखं पसरलंय असं धरून ढोबळ गणित केलं, तर ४ मिमीचा तळ मध्यभागी ८ ते ९ मिमी खाली येतो, ६ मिमीचा अडीच, ९ मिमीचा पाऊण आणि १२ मिमीचा जेमतेम एक तृतीयांश मिमी.

अडीच मिमी ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा पहिल्या दिवसाचा आकडा आहे. लाकूड सततच्या वजनाखाली हळूहळू वाकतच राहतं आणि धान्याच्या ड्रॉवरवरचं वजन वर्षभर उतरत नाही, तांदूळ संपला की डबा पुन्हा भरला जातो. शिवाय वजन कधीच सारखं पसरलेलं नसतं, पाच लिटरचा तेलाचा कॅन बरोबर मधोमध उभा असतो. वर्ष-दोन वर्षांनी तळाला पोट सुटतं, ते खालच्या ड्रॉवरमधल्या डब्यांच्या झाकणांना घासू लागतं आणि सगळ्यांना वाटतं की चॅनल बिघडलं.

आमच्या ड्रॉवरमध्ये २५ किलो कुठून येणार?

डबे काढा आणि बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. साधारण १६ सेंटिमीटर व्यासाचा आणि २५ सेंटिमीटर उंचीचा डबा पाच लिटरचा होतो, त्यात चार किलोच्या आसपास तांदूळ मावतो. वर सांगितलेल्या ड्रॉवरमध्ये असे डबे दोन रांगांत तीन-तीन म्हणजे सहा आरामात बसतात, आणि कडेच्या फटींत आपण मग पोह्याच्या पुड्या, गुळाची ढेप असं काहीबाही कोंबतोच. सहा डब्यांचं धान्य २४ किलो, स्टीलचं वजन वेगळं. तेलाचा पाच लिटरचा कॅन साडेचार किलो.

त्यात आपल्याकडे वर्षाची बेगमी करायची सवय अजून गेलेली नाही. एप्रिल-मे आला की वाशीच्या एपीएमसीच्या धान्य बाजारातून पोती येतात, पावसाळ्याआधी ऊन दाखवून डबे भरले जातात. पूर्वी ते कोठीत, पिंपात जमिनीवर उभं असायचं आणि जमिनीला पोट सुटत नसे. आता तेच धान्य आपण दोन चॅनलवर टांगून ठेवतो. पोत्यातला साठा अजूनही जमिनीवरच राहू द्या, ड्रॉवरमध्ये रोजच्या वापरापुरतं ठेवा.

मग सरळ १८ मिमीच लावलं तर? एकदाची चिंता मिटेल.

चिंता तळावरून चॅनलवर सरकेल. बाजारातलं साधं ४५ मिमी उंचीचं टेलिस्कोपिक चॅनल साधारण ३५ ते ४५ किलोचं असतं, आणि त्या आकड्यात ड्रॉवरचं स्वतःचं वजनही येतं. १८ मिमीच्या बाजू, समोरची फळी आणि १२ मिमीचा तळ धरून खोकी नऊ-दहा किलोला जाते. म्हणजे ३५ च्या चॅनलवर धान्याला उरले २५. त्यात तळ १८ चा केलात की आणखी एक-सव्वा किलो गेलं, आतली उंचीही ६ मिमीने कमी झाली, आणि मिळालं काय? जे एक तृतीयांश मिमी वाकत होतं ते त्याहून कमी वाकू लागलं.

तो पैसा चॅनलमध्ये घाला. चॅनलच्या खोक्यावर किलो छापलेले असतात, ते दुकानदाराकडून न ऐकता स्वतः वाचा.

तळ खाचेत बसवायचा की खालून खिळे मारायचे?

खाचेत. जाडीपेक्षाही मी यावर जास्त भांडते.

खालून ठोकलेल्या तळाचं सगळं वजन खिळ्यांच्या पकडीवर असतं. धान्य खाली ढकलतं, खिळा तेवढा धरून ठेवतो, आणि ड्रॉवर ओढला-लोटला की प्रत्येक वेळी तो केसभर सैल होतो. खाचेत सरकवलेला तळ बाजूंच्या लाकडावर बसलेला असतो, तो निसटायला आधी बाजूची फळी फुटावी लागते.

हे मी शिकले ते स्वतःच्या घरी. ऐरोलीच्या आमच्या पहिल्या घरात काम घाईत उरकलं होतं, तळ ४ मिमीचा आणि खालून ठोकलेला. दीड वर्ष सगळं नीट होतं. मग एका संध्याकाळी कुकर लावायला म्हणून ड्रॉवर ओढला तर मागची कड सुटली, तळ घसरगुंडीसारखा तिरका झाला आणि तीन डबे खालच्या ड्रॉवरमध्ये पालथे. तूरडाळ आणि साबुदाणा चाळणीने वेगळे करता येतात. रवा आणि बेसन येत नाहीत. खिळे जागच्या जागी होते, प्लायच त्यांच्या डोक्यांवरून ओघळून खाली आलं होतं, प्रत्येक खिळ्याशी वाटाण्याएवढं भोक.

खाच कशी असावी? बाजू १८ मिमीची असेल तर ६ मिमी खोल, खालच्या कडेपासून १२ मिमी वर. तळ एक-दोन मिमी सैल कापायचा म्हणजे पावसाळ्यात फुगायला जागा राहते. मिस्त्रीकडे राउटर, म्हणजे खाच मारायचं यंत्र, नसेल तर बाजूंच्या आतून चौफेर पट्टी मारून, फेव्हिकॉल आणि स्क्रू लावून, तळ त्या पट्टीवर *वरून* ठेवायला सांगा. दिसायला खाचेइतकं सफाईदार नाही, कामाला पक्कं.

चॅनल ड्रॉवरच्या खाली बसणारं असेल, तर तळ कडेपासून किती वर हवा हे कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुधा १२-१३ मिमी. तो कागद मिस्त्री खोक्याबरोबर फेकून देतो. आधी मागून घ्या.

प्लायच्या रेषा कोणत्या दिशेला ठेवायच्या?

वरच्या पापुद्र्याच्या रेषांच्या दिशेने प्लाय जास्त ताठ असतं. तळाची जी बाजू आखूड, तिच्या दिशेने रेषा धावल्या पाहिजेत. बहुतेक ड्रॉवर खोलीपेक्षा रुंद असतात, म्हणून रेषा पुढून मागे.

योगायोगाने शीटही तशीच कापलेली परवडते. आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी, रेषा लांबीच्या दिशेने. आपल्या ६०० च्या कॅबिनेटचा तळ, खाचेतलं धरून, ४७६ बाय ५१४ च्या आसपास. ४७६ ची बाजू शीटच्या लांबीवर धरली तर पात्याची जाडी सोडूनही पाच तुकडे बसतात आणि रुंदीत दोन, एकूण दहा. तेच ५५० चं चॅनल घेऊन ड्रॉवर खोल केला की तळ ५२६ होतो, लांबीवर चारच बसतात आणि दहाचे आठ होतात. नऊ ड्रॉवर करायचे असतील तर त्या ५० मिमीपायी दुसरी शीट उघडावी लागते. दुकानात जाण्याआधी हे कागदावर मांडून बघा.

९०० मिमीच्या रुंद ड्रॉवरचं काय?

आत साधारण ८०२ बाय ४६४ मिमी भरतं. ४० किलो पसरून ठेवले तर ६ मिमीचा तळ पाच मिमीपर्यंत खाली येतो, ९ चा दीड, १२ चा अर्धा-पाऊण. कागदावर १२ पुरेसं आहे. पण रुंद ड्रॉवरमध्ये जड वस्तू एकाच जागी ठेवली जातेच, आणि कधी ना कधी नातवंड त्यात बसून "गाडी" खेळतं.

म्हणून मधोमध, पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत, दहा सेंटिमीटर उंचीचा उभा पडदा घ्यायचा. दोन्ही टोकांना स्क्रू, आणि तळातून वर पडद्यात तीन-चार स्क्रू. तळ आता दोन लहान तुकड्यांसारखा वागतो आणि बाक तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. एका बाजूला धान्य, एका बाजूला तेल-तूप, अशी सोयही झाली.

चॅनल मात्र जास्त किलोचंच. इथे तडजोड नको.

एमआर, बीडब्ल्यूआर, सातशेदहा: धान्याला कोणतं?

एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) दमट हवेपुरतं, बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) त्याच्या वरचं. हे दोन्ही शिक्के आयएस ३०३ या मानकाचे. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०, दुकानात त्याला नुसतं "सातशेदहा" म्हणतात. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात.

धान्याचा ड्रॉवर सिंकखाली नसतो, त्यामुळे तळाला बीडब्ल्यूआर पुरतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बेडरूममधल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा एमआर मी स्वयंपाकघरात टाळते. सिंकच्या शेजारचं किंवा ड्राय बाल्कनीच्या भिंतीला लागून असलेलं युनिट असेल तर सातशेदहा घ्या. कापलेल्या कडांना सीलरचा किंवा ऑइल पेंटचा हात मारून मगच तळ खाचेत सरकवा. पाणी आत शिरतं ते कडेतून, आणि नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

आतून सनमायका लावायचा का?

लावा, पुसायला सोपं जातं. पण दोन्ही बाजूंनी. फक्त वरून लावलात तर दोन बाजू हवेतला ओलावा वेगवेगळा घेतात आणि फळी वाकते. वर ०.८ मिमी आणि खालीही तेवढाच लावला, तर १२ चा तळ १३.६ चा झाला, शिवाय फेव्हिकॉलचा थर. खाच तेवढी रुंद हवी. "तळ खाचेत जात नाही" म्हणून मिस्त्री कडा रंधून बारीक करतो, ते हे न सांगितल्यामुळे.

प्लायऐवजी एमडीएफ, एचडीएचएमआर, डब्ल्यूपीसी?

साधा एमडीएफ नको, एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही. एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घनतेचा दाबीव बोर्ड, ओलावा बराच सहन करतो, पृष्ठभाग सपाट मिळतो, पण जड असतो. १२ मिमीचा लावायला हरकत नाही. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा बोर्ड) किंवा पीव्हीसी बोर्डाला पाणी आणि वाळवी काही करत नाही, म्हणून तो आवडीने विकला जातो. पण तो प्लायपेक्षा लवचीक असतो आणि सततच्या वजनाखाली वाकतो. सिंकखाली छान. तांदळाखाली नको.

तयार मेटल बॉक्स घेतला तर?

मग निवड तुमच्या हातात नाही. बाजू लोखंडाच्या येतात, तळ आणि मागची फळी आपण घालायची असते, आणि बऱ्याच सिस्टीमना ती १६ मिमीचीच लागते. १८ बसत नाही, १२ खुळखुळतो. १६ मिमी प्लाय प्रत्येक दुकानात तयार नसतं, आठवडाभर आधी विचारा.

दुकानात जाडी खरी आहे हे कसं ओळखू?

व्हर्निअर कॅलिपर न्या, नसेल तर स्टीलची पट्टी. १२ म्हणून दिलेली शीट साडेअकरा किंवा त्याहून कमी भरू शकते, आणि एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांत फरक निघतो. चारही कोपरे मोजा. मग कडा बघा: आतल्या थरांमध्ये फटी दिसल्या तर आत पोकळी आहे. बोटाच्या सांध्याने ठोकत जा, पोकळ जागी आवाज बदलतो. धान्याच्या तळाला पोकळी म्हणजे मोजलेले १२ मिमी त्या जागी खरे १२ नसणं.

कॅलिब्रेटेड, म्हणजे सगळीकडे एकसारख्या जाडीचं, प्लाय मिळालं तर उत्तम. आणि खाच नेहमी प्रत्यक्ष शीटची जाडी मोजून, तिच्या मापाने मारायची.

आम्ही तेविसाव्या मजल्यावर. शीट वर कशी नेणार?

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. आठ फुटी शीट बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, आणि जिन्याने न्यायची तर मजल्यामागे हमाली. तळांची मापं पक्की करून दुकानातच कापून घ्या. मोठ्या दुकानांत पॅनेल सॉ असतो, कड घरच्या कटरपेक्षा सरळ येते आणि सोसायटीत दुपारच्या वेळी आवाज केला म्हणून तक्रारही होत नाही. फक्त खोकी आधी बनू द्या. तळ शेवटी कापायचा असतो, खोकीचं प्रत्यक्ष माप घेऊन.

कांदे-बटाट्यांच्या ड्रॉवरला?

जाळीची ट्रॉली. तिथे प्लाय कितीही जाड असो, हवा हवी.

नव्या प्लायचा वास धान्याला लागेल का?

झाकणाच्या डब्यांतल्याला नाही. उघड्या पुड्यांना लागतो. ड्रॉवर आठ-दहा दिवस उघडे ठेवा. घेतानाच ई-१ किंवा ई-० (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारं) असा उल्लेख असलेलं प्लाय घेतलं तर वास मुळातच कमी असतो.

आमच्या ड्रॉवरला आधीच पोट सुटलंय. सगळं तोडायचं का?

बहुतेक वेळा नाही. तळ खाचेत असेल आणि प्लाय कुजलेलं नसेल, तर त्याच्यावर आतून दुसरं ६ मिमी चिकटवा. चिकटवा म्हणजे पूर्ण पृष्ठभागावर फेव्हिकॉल पसरून. नुसतं वर ठेवलेलं ६ मिमी ताठपणा दुप्पट करतं, कारण दोन्ही शीट आपापल्या वाकतात. एकजीव चिकटलेली दोन शीट १२ मिमीच्या एका शीटसारखी वागतात, म्हणजे आठपट. आधी सनमायका असेल तर तो काढावा लागेल, त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर फेव्हिकॉल धरत नाही.

कृती अशी. ड्रॉवर चॅनलवरून सोडवून सपाट लादीवर ठेवा. खाच कडेपासून १२ मिमी वर असेल तर तळाखाली १२ मिमी प्लायचे उरलेले तुकडे सरकवा, पोट आपोआप वर दाबलं जाऊन तळ सपाट होतो. जुना पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरडा, फेव्हिकॉल पसरा, नवं ६ मिमी बसवा आणि वर तेच धान्याचे भरलेले डबे ठेवून रात्रभर सोडा. सकाळी खालचे तुकडे काढून घ्या.

तळ खालून ठोकलेला असेल तर चिकटवण्याच्या फंदात पडू नका. जुना तळ काढा, आत चौफेर पट्टी मारा, १२ मिमी वरून बसवा. मिस्त्री हाताशी असेल तर एका ड्रॉवरला तासाभराचं काम आहे, आणि डबे तेवढ्यापुरते डायनिंग टेबलवर.